आधी कोणाकडे जाल?

आमच्या मिडलसेक्स कौंटीत, म्हणजे न्यू जर्सीच्या अगदी देशी भागात, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या ओळखीच्या बायका साधारण दोन वाटा धरतात. एक, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स. दुसरी, घरून डबे नाहीतर रविवारचे नाचाचे वर्ग. मी नर्सिंगला गेले. कोल्हापूरला मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी केलं होतं, लग्नाआधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली होती, आणि स्क्रीनसमोर आठ तास बसण्याची कल्पना मला सोसत नव्हती. यापेक्षा उदात्त कारण तेव्हा नव्हतं. इंटरव्ह्यूत मात्र उदात्त कारण द्यावं लागतं, त्याबद्दल पुढे.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "फर्स्ट क्लास बीएस्सी, आणि आता बेडपॅन उचलणार?" मावशी तेव्हा तिथंच बसलेली. ती सिव्हिल हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. तिनं फोन त्यांच्या हातातून घेतला. "दाजी, बेडपॅन बघितल्याशिवाय आतड्यातनं रक्त जातंय का कसं कळणार? डॉक्टर बघतोय व्हय ते?" बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

एच-फोरवर शिकता येतं, त्यासाठी वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही. पण नोकरीला वर्क परमिट लागतं आणि ते सगळ्यांना मिळत नाही. २०१५ च्या नियमानुसार, ढोबळमानानं, ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे त्यांना ते मिळतं. माझ्याकडे होतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी फी भरण्याआधी वकिलाशी बोलून घ्यावं, कारण हातात लायसन्स आणि कामावर मात्र जाता येत नाही, अशी एक मैत्रीण मी पाहिली आहे. भारतातच नर्सिंग करून आलेल्यांचा रस्ता अजून वेगळा. त्यात पदवीची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसासाठी लागणारं व्हिसास्क्रीन नावाचं प्रमाणपत्र असं सगळं येतं. केरळच्या मुली तो इतक्या सफाईनं पार करतात की माझा चेहरा बघून हॉस्पिटलातला जो तो आधी विचारतो, "तू केरळची का?"

आरएन, म्हणजे लायसन्सधारक नर्स, होण्यासाठी दोन वर्षांची असोसिएट पदवीही चालते आणि चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगमधली पूर्ण पदवीही. लायसन्सची परीक्षा दोघींना एकच. मी कम्युनिटी कॉलेजची असोसिएट घेतली, कारण फी परवडत होती आणि मुलगी लहान होती. 'दोन वर्षांची' हे कागदावर. त्याआधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मानसशास्त्र, इंग्रजी लेखन आणि मायक्रोबायॉलॉजी. हो, तीच. माझी जुनी झाली म्हणून कॉलेजनं धरली नाही. मग अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून पुन्हा जिवाणू रंगवून ओळखायचं ग्राम स्टेन केलं. टीज नावाची प्रवेशपरीक्षा त्यामानानं सोपी. वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी, आपल्याकडच्या स्पर्धापरीक्षांची सवय असलेल्याला त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

प्रवेश मिळाल्यावर वॉर्डात पाऊल टाकण्याआधी आरोग्याची फाइल पूर्ण करावी लागते, आणि भारतात जन्मलेल्या बहुतेकांची गाडी तिथं टीबीपाशी अडते. हाताच्या त्वचेखाली औषध टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची गाठ पुष्कळदा उठते. माझी टरारून उठली. क्लिनिकमधली बाई माझ्याकडे असं बघू लागली की मी तिच्या टेबलावर खोकलेच आहे. मी डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला, तिनं असला व्रण कधी पाहिला नव्हता. यावर उपाय म्हणजे पहिल्यापासूनच रक्ताची टेस्ट मागायची, क्वांटिफेरॉन वगैरे. तिला बीसीजीची बाधा होत नाही. माझी निगेटिव्ह आली. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या अँटिबॉडीज रक्तात मोजून दाखवाव्या लागल्या. 'लहानपणी कांजिण्या आल्या होत्या, आईला विचारा' हा पुरावा चालत नाही.

कॉलेजात पास होण्याची रेषा होती ७७ टक्क्यांवर. पस्तीसला पास होणाऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. ७६.८ म्हणजे नापास, वर ढकलून ७७ करत नाहीत. औषधाच्या मात्रेच्या गणितांची परीक्षा त्याहून कडक. ती प्रत्येक सेमिस्टरच्या सुरुवातीला होते आणि ९० टक्क्यांखाली पडलात तर पेशंटला औषध देता येत नाही. गणितं आठवीची, त्रैराशिक, बाकी काही नाही. पण उत्तर '.५' लिहिलं की चूक, '०.५' च लिहायचं. आणि '५.०' लिहिलं तरी चूक, नुसतं '५' हवं. टिंब दिसलं नाही तर दहापट औषध जातं, म्हणून. हा नियम एकदा डोक्यात बसला की किराण्याच्या यादीतही आधी शून्य पडतं.

क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या, दिवशी पहाटे उठून पावणेसातला वॉर्डात हजर. बांगड्या नाहीत, कोपराखाली घड्याळ नि साधी अंगठी एवढंच, गळ्यात लोंबणारं काही नाही. मंगळसूत्राचं सासूबाईंना कसं सांगावं याची मी उगाच जुळवाजुळव करत होते. त्या तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं काढून ठेव की. पेशंटनं धरून ओढलं म्हणजे?" पहिल्या सेमिस्टरला आंघोळ घालणं, कूस बदलणं, माणूस झोपलेला असताना चादर बदलणं, निर्जंतुक हातमोजे घालणं, कॅथेटर घालणं. प्रत्येकाचं चेकऑफ, म्हणजे करून दाखवायची परीक्षा. बाई शेजारी यादी घेऊन उभ्या, आणि हातमोज्याचं टोक चुकून गाऊनला लागलं तर तिथूनच परत जायचं.

हे सगळं मेहनतीनं जमतं. खरं अवघड होतं ते प्रश्नपत्रिकेचं. आपण लहानपणापासून 'कारणे द्या', 'टिपा लिहा' करत वाढलो. इथले प्रश्न वाचताना वाटायचं, चारही उत्तरं बरोबर आहेत. आणि असतातही. विचारलेलं असतं की यातलं आधी काय कराल.

नमुन्यादाखल एक, आमच्या बाई वर्गात घ्यायच्या तशा धर्तीचा. तुमच्याकडे चार पेशंट आहेत. पहिल्याचा काल गुडघा बदललाय, वेदना दहापैकी सात सांगतोय. दुसरा जुना सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसांच्या कायमच्या दम्यासारख्या आजाराचा, ऑक्सिजन ९० टक्के. तिसऱ्याची साखर २१०. चौथीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, ती म्हणते ओठांभोवती मुंग्या येताहेत. आधी कोणाकडे जाल? माझ्यातली सुसंस्कृत बाई गुडघ्याकडे धावते, कारण तो कळवळतोय. पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी गुडघा दुखणारच. सीओपीडीच्या माणसाचा ऑक्सिजन ९० म्हणजे त्याच्या मानानं ठीक. २१० ला औषध आहे, पण त्यानं पुढच्या दहा मिनिटांत काही बिघडत नाही. मुंग्यांचा अर्थ मात्र असा असू शकतो की थायरॉइडबरोबर शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्यात आणि कॅल्शियम उतरतंय. पुढची पायरी म्हणजे स्वरयंत्राचे स्नायू आवळून श्वास कोंडणं. जी सगळ्यात कमी तक्रार करतेय तिच्याकडे आधी जायचं.

मला वाटतं, नर्सिंगच्या शिक्षणात मला नवीन मिळालेली गोष्ट हीच. रोगांची माहिती पुस्तकात होतीच. अपेक्षित त्रास कुठला आणि अनपेक्षित कुठला, जुना कुठला आणि आत्ताचा कुठला, हे वेगळं करायला सतत भाग पाडणं, हे पुस्तकात नव्हतं. मावशीला फोनवर हा प्रश्न घातला. तिनं क्षणभरही न थांबता 'थायरॉइड' म्हटलं आणि वर विचारलं, "चारच पेशंट?" तिनं रात्रपाळीला एकटीनं अख्खा वॉर्ड सांभाळलेला. कॅलिफोर्नियात २००५ पासून साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचापेक्षा जास्त पेशंट द्यायला कायद्यानं बंदी आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

लायसन्सच्या परीक्षेचं नाव एनक्लेक्स. कॉलेजनं 'हिचं शिक्षण पूर्ण झालं' असं राज्याच्या नर्सिंग बोर्डाला कळवायचं, आपण बोर्डाकडे लायसन्सचा अर्ज आणि बोटांचे ठसे द्यायचे, परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे २०० डॉलर भरायचे, मग परीक्षेला बसण्याची परवानगी ईमेलनं येते आणि तारीख घेता येते. मुंबईतही केंद्र आहे, पण अमेरिकेबाहेर परीक्षा द्यायची तर वेगळे जादा पैसे पडतात. केंद्रावर तळहाताच्या शिरांचं स्कॅनिंग होतं, खिसे उलटे करून दाखवायचे, सगळं लॉकरमध्ये.

प्रश्न किती येतील हे आधी माहीत नसतं. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री झाली की तुम्ही रेषेच्या वर आहात किंवा खाली आहात, की तो थांबतो. एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललं. आता एका पेशंटची पूर्ण केस देतात, नर्सच्या नोंदी, रक्ताचे रिपोर्ट, तासातासाची स्थिती, आणि तिच्यावर ओळीनं सहा प्रश्न. यातलं काय लक्षात घ्याल, त्याचा अर्थ काय लावाल, कशाला आधी हात घालाल, केल्यावर फरक पडला हे कशावरून ठरवाल. 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रश्नांना पूर्वी एक चुकलं की शून्य मिळायचं, आता अंशतः गुण मिळतात. आमच्या आधीच्या बॅचच्या मुली यावरून आमच्याकडे अजून जरा तिरकं बघतात.

मी तयारीत पुस्तकं पुन्हा वाचली नाहीत. प्रश्नसंच सोडवले, आणि प्रश्न सोडवण्यापेक्षा त्याखालचं स्पष्टीकरण वाचण्यात जास्त वेळ घालवला, बरोबर आलेल्याचंही. कारण बरोबर उत्तर चुकीच्या कारणानं येणं फार सोपं असतं.

परीक्षा देऊन बाहेर पडल्यावर प्रत्येकाला आपण नापास झालोय असंच वाटतं, आणि त्याचं कारण साधं आहे. कॉम्प्युटर प्रत्येकाला त्याच्या ताकदीच्या काठावरचे प्रश्न देतो, म्हणजे साधारण निम्मे चुकणारच. हुशारालाही आणि काठावरच्यालाही. हे मला आधीपासून माहीत होतं आणि पार्किंगमध्ये त्याचा काही उपयोग झाला नाही. मग दोन दिवस अफवांचे. कॉम्प्युटर ८५ ला बंद पडला म्हणजे पास, असं एक जण सांगणार. ८५ ला बंद पडला म्हणजे सपशेल आपटलात, असं दुसरी. लगेच पुन्हा परीक्षेला नाव नोंदवून बघायचं, वेबसाइटनं नकार दिला तर पास समजायचं, हाही एक टोटका प्रसिद्ध आहे. मी केला नाही, कारण वेबसाइटनं होकार दिला तर २०० डॉलर जातात. बोर्डाच्या लायसन्स शोधायच्या पानावर माझं नाव टाकून बसले आणि एका सकाळी नावापुढे नंबर दिसला. न्यू जर्सी नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांची लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात, असल्यामुळे ते लायसन्स कॉम्पॅक्टमधल्या इतर राज्यांतही चालतं. नदीपलीकडचं न्यूयॉर्क मात्र तेव्हा त्यात नव्हतं. खिडकीतून दिसतं, पण तिथं काम करायचं तर वेगळं लायसन्स.

आपल्याकडची सगळी भीती या परीक्षेभोवती असते. वस्तुस्थिती अशी की २०२३ साली अमेरिकेत शिकून पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के पास झाले. खरी चाळणी पुढची, पहिल्या नोकरीची.

नव्या नर्सला हॉस्पिटलं साध्या जाहिरातीतून क्वचितच घेतात, कारण तिथं 'एक वर्षाचा अनुभव' हवा असतो. नव्यांसाठी असते रेसिडेन्सी. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीशी याचा फक्त नावापुरता संबंध. पहिल्या दिवसापासून आरएनचा पूर्ण पगार, सुरुवातीचे काही आठवडे प्रिसेप्टरच्या, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी नर्सच्या, हाताखाली, आणि वर्षभर दर महिन्याला सेमिनार. शेवटी एक छोटा सुधारणेचा प्रकल्प. देशभर बरीच हॉस्पिटलं व्हिझिएंट ही कंपनी आणि एएसीएन ही नर्सिंग कॉलेजांची संघटना यांचा बारा महिन्यांचा आराखडा वापरतात. जागा थोड्या, वर्षातून एखाद-दोन बॅच, आणि अर्जाची खिडकी उघडते ती शेवटच्या सेमिस्टरमध्ये, तुमची एनक्लेक्स व्हायच्या कितीतरी आधी. काही ठिकाणी ती काही दिवसांतच बंद होते. रिझ्युमे, पत्र, मार्कशीट, क्लिनिकलच्या बाईंची शिफारस, हे सगळं त्याआधी तयार हवं. बाईंना शिफारस मागायची तर सेमिस्टर संपायच्या आत, त्यांना तुमचा चेहरा आणि तुमचा पेशंट दोन्ही आठवत असताना.

असोसिएटवाल्यांना इथं ठेच लागते. मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांना बीएसएन हवी. २०१० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानं २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात असं सुचवलं, आणि तेव्हापासून वारं तिकडंच आहे. न्यूयॉर्कनं तर २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या आरएननं दहा वर्षांत बीएसएन करायची. माझे बरेच अर्ज कुणा माणसानं उघडलेच नसावेत. पदवीच्या चौकटीत 'असोसिएट' निवडलं की नकाराचा ईमेल इतक्या चटकन यायचा की चहा गाळून होत नसे.

मला आत नेलं ते टेकच्या नोकरीनं. पेशंट केअर टेक म्हणजे नर्सच्या हाताखालचं काम. बीपी, साखर, आंघोळ, चालवून आणणं, आणि हो, बेडपॅन. शिकत असताना शनिवार-रविवार मी ते करत होते. पैसे बेताचे, पाठ मोडते, पण वॉर्डची मॅनेजर तुम्हाला ओळखते, आणि तिच्या ओळखीनं तुमचा अर्ज त्या चौकटीच्या पलीकडे जातो. कुणी मला विचारलं तर मी एवढंच ठासून सांगते: नर्सिंग स्कूलच्या पहिल्या सुट्टीतच टेक व्हा.

इंटरव्ह्यूला समोर तिघी. मॅनेजर, शिक्षिका आणि वॉर्डातली एक नर्स. वैद्यकीय प्रश्न जेमतेम एक. बाकी सगळे 'असा एखादा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही' या चालीचे. पेशंटची बाजू घेतली, सहकाऱ्याशी मतभेद झाले, काम अंगावर आलं. उत्तर ठरलेल्या क्रमानं द्यायचं: प्रसंग काय, तुमची जबाबदारी काय, तुम्ही काय केलं, काय निष्पन्न झालं. 'आपलं आपण काय सांगायचं' या वळणात वाढलेल्या माणसाला हे एनक्लेक्सपेक्षा जड जातं. मी नवऱ्याला समोर बसवून सराव केला. तो दर वेळी म्हणायचा, "तू काय केलंस ते आलंच नाही यात."

शेवटी मी सांगितला तो टेक असतानाचा एक प्रसंग. एक गुजराती बा. नाश्त्याचा ट्रे आला की झाकण न उघडता बाजूला. चार्टमध्ये नोंद, 'भूक कमी'. मी साखर तपासायला गेले, ती ठीक होती, आणि नर्स जेवणाबरोबरचं इन्सुलिन घेऊन येत होती. मी बांना हातानंच खुणावलं, खायचं नाही? त्या म्हणाल्या, "अगियारस." एकादशी. म्हणजे पोटात काही जाणार नव्हतं आणि पंधरा मिनिटांत काम सुरू करणारं इन्सुलिन मात्र जाणार होतं. मी नर्सला दारातच थांबवून सांगितलं. मला मोडकं गुजराती येतं, पण वैद्यकीय बोलणं दुभाष्यानंच करायचं असा हॉस्पिटलचा नियम, त्यामुळे तिनं व्हिडिओवर दुभाषी बोलावला, तो डोस थांबवला, डॉक्टरांना कळवलं, आणि आहारतज्ज्ञानं दूध-फळांची सोय केली. त्यावर मॅनेजरनं विचारलं, "हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करशील?" मी म्हटलं, भरती करतानाच विचारायचं की उपास करता का, कधी करता. रमझान असेल, योम किप्पुर असेल, एकादशी असेल. तिघींनीही काहीतरी लिहून घेतलं.

'नर्सिंगच का' याला मी मावशी आणि बेडपॅन सांगितलं. उदात्त नव्हतं, पण हसल्या.

रेसिडेन्सीत आता निम्म्याहून पुढे आले आहे. प्रिसेप्टर फिलिपिन्सची, पंचवीसेक वर्षं याच कामात. ती कधी उत्तर देत नाही. पाचही पेशंटचा रिपोर्ट घेऊन झाला की एवढंच म्हणते, "मग? आधी कोणाकडे?" आता एकटीनं पाच जण बघते, आणि सकाळी सातला खोलीबाहेर उभी राहून मनातल्या मनात तोच प्रश्न घालते. बीएसएनचा ऑनलाइन अभ्यास सुरू आहे, नेमणुकीची अटच होती, फीचा काही भाग हॉस्पिटल देतं.

वर्षअखेरच्या प्रकल्पाला मी तोच उपासाचा प्रश्न घेतलाय. इन्सुलिनवरच्या पेशंटच्या भरतीच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायची, बस. पण इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये एक ओळ घालायची तर ती नर्सिंगच्या समितीतून, मग फार्मसीच्या, मग कॉम्प्युटरवाल्यांच्या समितीतून जावी लागते. नर्सिंगनं होकार दिलाय. फार्मसीनं विचारलंय, एकादशी महिन्यातून किती वेळा येते.